दोघांनी राखायचा गरुड

"तू कुठं उभा राहणार, ते आत्ताच सांग," सागिन म्हातारा म्हणाला. "मागाहून घोळ नको."

इशेन अंगणात लोकरी नमद्याच्या तंबूची दोरी ताणून धरून उभा होता. बालिक्ची गावचा वारा तळ्यावरून एकदा सुटला की माणसाच्या तोंडातला शब्दसुद्धा उडवून नेतो, त्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय होती. ती त्यानं वापरून पाहिली. पण सागिनचा जन्म मयताच्या कामांत पुढारपण करण्यात गेलेला. असल्या बहाण्यांना तो बधणार नव्हता. दोरीच्या या अंगाला येऊन त्यानं इशेनच्या कानाशी पांढरी दाढी नेली. "मुलगे दाराशी उभे राहतात. भाऊ त्यांच्या पलीकडं. तू कुठं?"

मेदेर पहाटे गेला होता. तंबू उभा झाला की त्याला आत ठेवायचं, मग बाया आत बसणार आणि पुरुष बाहेर. आमच्याकडे बाया आतून सूर लावून रडतात, आणि घरचे पुरुष कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, तंबूबाहेर रांगेत उभे राहतात. फाटकातून माणसं आली की त्यांनी मोठ्यानं हंबरडा फोडायचा. मुलानं "अताके!" म्हणून, म्हणजे बाप गेला, भावानं "बैके!" म्हणून, म्हणजे थोरला भाऊ गेला. मनातल्या मनात रडायची सवलत नाही. गेलेला माणूस कुणाचा कोण होता, हे साऱ्या गावाच्या कानी जायला हवं.

आणि मेदेर इशेनचा दोन्ही लागत होता.

यात आमच्या लोकांना नवल वाटण्यासारखं काही नाही. पहिलं पोर आजीआजोबांच्या कुशीत घालायचं, हा रिवाज आमच्या आजोबांच्या आजोबांपासूनचा. मेदेर हा ओस्मोन आणि उमसुनाय यांचा एकच मुलगा. त्याला पहिला मुलगा झाला, बाळाचे चाळीस दिवस सरले, आणि उमसुनाय नारिन गावात आपल्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मुलाच्या घरी गेली, बाळाला आपल्या कोटात गुंडाळून घेऊन आली. चोरी नव्हती, मान होता. मेजवानी झाली, मेंढा कापला. बाळाची आई जुमागुल एकोणीस वर्षांची. तिनं हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून इशेनचा अताके म्हणजे ओस्मोन, अपा म्हणजे आई ती उमसुनाय. मेदेर बैके, आणि जुमागुल जेंगे, म्हणजे वहिनी. इशेन सात वर्षांचा असताना गल्लीतल्या एका पोरानं भांडणात त्याला खरं काय ते ओरडून सांगितलं. तो रडत घरी आला. उमसुनायनं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुला मी जन्म दिला. या गुडघ्यावर वाढवलं. त्या पोराच्या जिभेला फोड येतील." पोराच्या जिभेला काही फोड आले नाहीत. इशेननं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.

"बोल की," सागिन म्हणाला.

"अपाला विचारा," इशेन म्हणाला. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि उत्तर काय तर आईला विचारा. त्याची त्यालाच लाज वाटली. पण इकडे आड तिकडे विहीर अशा जागी माणूस लाजेखेरीज दुसरं काय करणार?

सागिन घरात गेला आणि लगेच परतला. "म्हातारी म्हणते, माझे दोन लेक. मोठा आत निजलाय, धाकटा बाहेर उभा राहील. झालं?"

झालं. इशेननं काठी घेतली आणि भावांच्या जागेवर जाऊन उभा राहिला. मेदेरला दुसरा भाऊ नव्हताच, त्यामुळे त्या जागेवर तो एकटाच होता. दाराशी नुरदिन, मेदेरचा धाकटा मुलगा, कमरेचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होता. रक्तानं इशेनचा सख्खा भाऊ, नात्यानं पुतण्या. दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं.

*

मेदेर म्हटला की इशेनला आठवायचे ते शनिवार. दुसरं काही आठवायला त्याच्याकडे फारसं नव्हतंही.

मेदेर ट्रक चालवायचा. देश नवा होता, पगार जुना होता, आणि नारिनमध्ये वीज पाळीपाळीनं यायची. अशात एका हिवाळ्यात तो बिश्केकच्या बाजारातून एक राखाडी डबा घेऊन आला. त्याला दोन जॉयस्टिक, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलं होतं. निघाले सातआठ, बाकी तेच ते, नाव बदलून.

"हे काय आणलंस?" ओस्मोननं विचारलं.

"टीव्हीवर खेळायचं, अताके. इशेनसाठी."

"टीव्ही खेळायला असतो होय? मला वाटलं बातम्यांना असतो."

"बातम्यांत तरी कुठं काही खरं असतं?" उमसुनाय म्हणाली. पण तिची खरी काळजी वेगळी होती. शेजारणीच्या भाचीच्या टीव्हीची नळी म्हणे असल्याच डब्यानं जळाली होती. म्हणून तिनं अट घातली: एक डाव झाला की टीव्हीला दम घेऊ द्यायचा. दम म्हणजे काय, तर ती त्याच्यावर भरतकामाचं कापड घालायची, आणि सगळ्यांचा चहा होईपर्यंत ते काढायचं नाही. तापाच्या पोराला हात लावून पाहावं तशी ती टीव्हीची पाठ चाचपायची.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकायचं. सगळे फुंकायचे. मेदेर फुंकायचा, इशेन फुंकायचा, तरी पडद्यावर नुसत्या रेघा. मग उमसुनाय हात पुढं करायची. "आणा इकडं. तुमच्या तोंडात बरकत नाही." ती ओठांत दुवा पुटपुटायची आणि दृष्ट काढावी तशी कॅसेटवर "सूफ!" करून फुंकर घालायची. आणि ती चालायची! मेदेर हसून लोळायचा. ओस्मोन गंभीरपणे म्हणायचा, "हिला वीजमंडळात पाठवा."

बदकं मारायच्या खेळात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, कारण ती बंदूक सरळ काचेला टेकवूनच चाप ओढायची. "ही शिकार नव्हे, खून आहे," ओस्मोन म्हणायचा. नेम चुकला की पडद्यावरचा कुत्रा गवतातून डोकं काढून हसायचा, आणि उमसुनायच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "कुणाचा आहे रे हा मेला? धन्याला हसतो! आमच्या कुरणावर असता तर मेंढ्यांनी हाकलला असता."

पण इशेनचा आणि मेदेरचा खेळ रणगाड्यांचा. पडद्याच्या तळाशी विटांच्या चौकटीत एक गरुड बसलेला. वरून शत्रूचे रणगाडे येत राहतात आणि दोघांनी मिळून तो गरुड राखायचा. टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे रणगाडे दोन: एक उजळ, एक काळसर. उजळ इशेनचा. तो धडाधड पुढं जायचा, विटा फोडत, गोळ्या उधळत. काळसर रणगाडा गरुडापासून फार लांब कधी जात नसे.

ओस्मोननं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "गरुड विटांत कशाला कोंडलाय? सोडा की. त्याचं तो बघेल."

"अताके, हा उडत नाही," इशेन म्हणाला.

"मग तो गरुड नव्हे. कोंबडी आहे."

त्या दिवसापासून घरात त्या खेळाचं नावच पडलं. जेवणं झाली की ओस्मोन स्वतःच म्हणायचा, "चला, कोंबडी राखायला बसा." स्वतः खेळायचा नाही, पण मानाच्या जागी उशीला टेकून सगळं बघायचा.

या खेळात आपलीच गोळी गरुडाला लागली तरी डाव खलास. इशेनकडून हे नेहमी व्हायचं. मेदेर लगेच म्हणायचा, "माझी होती गोळी. माझाच हात चुकला." ओस्मोनला पडद्यावर सगळं दिसत असायचं. तो फक्त उशी सारखी करून घ्यायचा.

आणि खरी गोष्ट अशी की तो खेळ हा एक बहाणा होता. आमच्याकडे बापानं आपल्या बापासमोर स्वतःच्या पोराला जवळ घ्यायचं नसतं. मांडीवर घेणं, मुका घेणं, पाठीवरून हात फिरवणं, हे सगळं निर्लज्जपणाचं. घरचंच पोर असेल तरी नाही. मग दिलेलं पोर तर दूरच. नऊ वर्षांत मेदेरनं इशेनला कधी उचलून घेतलं नव्हतं. पण दोन जॉयस्टिकच्या तारा आखूड होत्या. खेळायचं तर एकाच गादीवर खांद्याला खांदा लावून बसायला लागायचं, आणि त्यावर कुणाचं काही म्हणणं असू शकत नव्हतं. तारेला कुठं रिवाज कळतो? मेदेरच्या स्वेटरला डिझेलचा आणि थंडीचा वास यायचा. रणगाडा वळला की तोही अंगानं वळायचा, आणि त्याचा सगळा भार इशेनवर यायचा. इशेन मुद्दाम हलायचा नाही.

जुमागुल दाराजवळ किटलीपाशी बसलेली असायची, मांडीवर नुरदिन. सुनेची जागा ती. एकदा इशेननं जॉयस्टिक तिच्याच हातात कोंबली. "जेंगे, तू खेळ. सोपं आहे." तिच्या बोटांना पीठ होतं. तिनं एक डाव खेळला, डोक्यावरच्या रुमालानं तोंड झाकून हसत, आणि तिचा रणगाडा एका कोपऱ्यात भिंतीवर धडका देत राहिला. इशेन तिचा अंगठा धरून दाखवत होता. कसा दाबायचा, कसा सोडायचा.

"सूनबाई," उमसुनाय म्हणाली, "चहा गार झाला."

जुमागुलनं जॉयस्टिक खाली ठेवली. पुन्हा कधी हातात घेतली नाही.

त्याच हिवाळ्याच्या शेवटाला ते घडलं. त्या रात्री वीज गेली नव्हती, कॅसेट पहिल्या फुंकरीला चालली होती, आणि दोघं पूर्वी कधी न गेलेल्या पायरीवर पोचले होते. ओस्मोनसुद्धा उशी सोडून पुढं सरकला होता. इशेन वरच्या कोपऱ्यात अडकला होता आणि एक रणगाडा भिंतीकडून वळसा घालून मेदेरच्या पाठीमागं आला. मेदेरला दिसला नाही. इशेनला दिसला.

"अताके, मागं बघा! मागं!"

"काय रे?" ओस्मोन म्हणाला. आणि मग त्याला दिसलं की पोराची नजर त्याच्याकडे नाहीच.

मेदेरची बोटं थांबली. काळसर रणगाडा जागच्या जागी उभा राहिला आणि फुटला. मागोमाग गरुडही फुटला. जुमागुल वाटीत चहा ओतत होती, ती ओततच राहिली. चहा वाटीतून चटईवर आला तरी तिला कळलं नाही.

"पोराची जीभ घसरली," उमसुनाय घाईनं म्हणाली.

"घसरते," ओस्मोन म्हणाला. मग उशीकडं मागं सरकत, "टीव्हीला दम घेऊ द्या."

कुणी कुणाला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला निदान उत्तर देता येतं. पुढच्या शनिवारी मेदेर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वसंतात कळलं की त्याला बालिक्चीला, तळ्याच्या बंदरावर, काम लागलंय आणि तो बिऱ्हाड हलवतोय. निरोप घ्यायला आला तेव्हा डबा मागेल असं इशेनला वाटलं होतं. त्यानं मागितला नाही. "तू मोठा झालास," तो म्हणाला. "आता एकट्यानं राख."

कुणी त्याला घालवलं नव्हतं. दिलेल्या पोरावर आपली सावली पडायला लागली, असं त्यालाच वाटलं आणि तो उठून गेला. बापाचा मान राखला.

इशेन काही दिवस एकट्यानं खेळला. एकट्याचा डावही असतो, पण इशेन तो लावत नसे, दोघांचाच लावायचा. काळसर रणगाडा गरुडाशेजारी नुसता उभा असायचा आणि पहिल्या मिनिटातच फुटायचा. इशेनला ते बघवेना. एके दिवशी उमसुनायनं डबा कापडात बांधून पेटीत ठेवला, तेव्हा त्यानं हट्ट केला नाही.

पुढं ओस्मोन वारला तेव्हा मेदेर बालिक्चीहून आला. तंबूच्या दाराशी दोघं शेजारी शेजारी काठी टेकून उभे राहिले आणि दोघांनी एकाच शब्दानं हंबरडा फोडला. तो एक दिवस इशेनला तो शब्द मेदेरच्या कानाशी, पाहिजे तेवढ्या मोठ्यानं उच्चारता आला. त्यातला किती मेलेल्यासाठी होता आणि किती शेजारच्यासाठी, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

*

यंदा शरदात मेदेरचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. इशेन नारिनहून उमसुनायला घेऊन निघाला. म्हातारी आता नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू. निघताना तिनं पेटीतून ते कापडाचं गाठोडं काढायला लावलं. "घेऊन चल. त्याला बरं वाटेल," म्हणाली. म्हणजे तिला सगळं आठवत होतं.

बालिक्चीला आल्यापासून ती मुलाच्या उशाशी बसली ती उठलीच नाही. कापसानं त्याचे ओठ ओले करायची, माळ ओढायची, तिथंच डुलकी घ्यायची. ती काही कैदाशीण नव्हती. तिचा पोटचा गोळा डोळ्यांदेखत विझत होता आणि तिच्याच्यानं काही होत नव्हतं. तिला तिथून ऊठ म्हणायची कुणाची छाती होती?

तिसऱ्या दिवशी इशेन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा जुमागुल पोळ्या लाटत होती. तिनं मागं न बघता दार लावलं.

"इशेन, त्याला ऐकू येतं बरं का. बोलता येत नाही, पण ऐकू येतं."

"माहीत आहे, जेंगे."

"त्या रात्री तुझी जीभ घसरली होती. आठवतं?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"इथं येताना ट्रकमध्ये सगळा रस्ता तो तेच सांगत होता. 'ऐकलंस ना? मला म्हणाला. मला!' घाट उतरेपर्यंत तेच. मग पुन्हा आयुष्यात कधी बोलला नाही." लाटणं थांबलं. "एकदा म्हण. तो मागायचा नाही कधी, म्हणून मी मागते."

"अपा बसलीये तिथं."

"ठाऊक आहे."

"तिला काय वाटेल, जेंगे? एक लेक असा पडलाय. आणि दुसरा..."

"ठाऊक आहे म्हटलं ना," जुमागुल म्हणाली. मग हलक्या आवाजात, "माझ्यासाठी काही मागत नाहीये. मला जेंगेच म्हण. माझी सवय झाली."

इशेनला एक युक्ती सुचली. युक्ती कसली, बुडत्याला काडीचा आधार. खेळ लावायचा आणि ऐन भरात जीभ पुन्हा घसरू द्यायची. घसरलेल्या जिभेचा दोष नसतो; हे उमसुनायनं स्वतःच तेव्हा सांगितलं होतं.

दुपारी नुरदिननं खटपट करून तो डबा त्यांच्या नव्या चपट्या टीव्हीला जोडला. कॅसेट चालेना. नुरदिननं फुंकलं, इशेननं फुंकलं. उमसुनायनं हात पुढं केला, पण तिच्या फुंकरीत आता दम नव्हता, खोकलाच आला. बऱ्याच वेळानं कॅसेट आपणहून लागली. गरुड पहिल्यांदाच रंगात दिसला. इशेननं मेदेरच्या डाव्या हातात जॉयस्टिक दिली, आणि पलंगाच्या कडेला त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला. खांद्यात हाडंच उरली होती.

मेदेरचे डोळे पडद्यावर गेले. अंगठा हलला. रणगाडा एक पाऊल सरकला आणि विटेला टेकून थांबला. इशेननं आपला रणगाडा पुढं नेलाच नाही. तो मेदेरच्या जवळच घुटमळत राहिला, येईल ते फोडत. आणि मग एक शत्रू वळसा घालून मागं आला. अगदी तसाच. मेदेर पडद्याकडे बघत नव्हता. तो इशेनच्या तोंडाकडे बघत होता. वाट बघत होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. दारात जुमागुल उभी होती. माळेचे मणी थांबले होते.

"बैके," इशेन म्हणाला, "मागं बघा."

मेदेरनं डोळे मिटले. जॉयस्टिक गोधडीवर पडली.

"दमला तो," उमसुनाय म्हणाली, आणि मणी पुन्हा सुरू झाले. इशेननं टीव्ही बंद केला. स्वतःच्या जिभेला त्यानं काय काय शिव्या दिल्या असतील ते त्याचं त्याला ठाऊक. उद्या म्हणू, उद्या अपाला जरा उन्हात बसवू आणि म्हणू, असं त्यानं ठरवलं. पण मेदेरनं त्या उद्याची पहाटच पाहिली, दिवस पाहिला नाही.

*

दुपारपर्यंत माणसांची रीघ लागली. बंदरावरचे लोक आले, ट्रकवाले आले. फाटकापासूनच ते मोठ्यानं रडत यायचे आणि रांगेनं त्यांना रडून उत्तर द्यायचं. "अताके! माझ्या अताके!" दाराशी नुरदिन ओरडायचा. चार हातांवर इशेन काठीवर वाकून "बैके! माझ्या बैके!" म्हणायचा. आवाज मोठा होता, पण उसना होता. प्रत्येक हाकेगणिक त्याला वाटायचं की आत निजलेला माणूस डोळे मिटून घेतोय.

आतून उमसुनायचा सूर येत होता. नमद्याच्या भिंतीतून शब्द न् शब्द कळत होता. दोन लेक होते माझे, एक पहाड आणि एक झाड; पहाड ढासळला रे, झाडाखाली आता म्हातारी बसेल. बाकीच्या बाया हुंकार भरत होत्या. त्यात जुमागुलचा आवाज कुठला ते ओळखू येत नव्हतं.

मग नारिनच्या जुन्या गल्लीतली माणसं आली, एक मोठी बस भरून. तीच माणसं, ज्यांना कोण कुणाचा ते पहिल्यापासून माहीत होतं. ती फाटकातून आत येऊन रडू लागली, आणि नुरदिननं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. सकाळपासून ओरडून त्याचा गळा बसला होता. त्यानं पुन्हा जोर केला, खोकल्याची उबळ आली आणि तो काठीवर दुमडला. दाराशी शांतता झाली. माणसं पुढं येत होती आणि बापाच्या दारात बापाला हाक मारणारं कुणी नव्हतं. पोटी मुलगा नसलेल्या माणसासारखा मेदेर आत पडला होता.

"अताके!" इशेन ओरडला.

जीभ घसरली नव्हती. तो म्हणाला, ओरडला, पुन्हा ओरडला. "अताके! माझ्या अताके!" चार हातांचं अंतर तो कधी चालला ते त्याला कळलं नाही; तो दाराशी होता, नुरदिनला एका हातानं सावरत. आणि तेवढ्या वेळात, खोटं कशाला बोला, त्याला मोकळं वाटलं. जन्माचं मोकळं.

तंबूतला सूर तुटला होता. सगळ्या बाया थांबल्या होत्या. फक्त वाऱ्यानं दोऱ्या करकरत होत्या.

मग उमसुनायनं पुन्हा सूर धरला. आवाज आधीपेक्षा बारीक होता.

"एकच होता रे माझा. एकुलता होता, तोही गेला. म्हातारीला आता कुणी नाही."

ती रागानं म्हणाली नव्हती. शाप नव्हता, टोमणा नव्हता. तिला दिलेलं पोर तिनं नुसतं परत केलं होतं, कोटात गुंडाळून आणलं होतं ते. इशेननं तंबूच्या पडद्याला हात घातला. सागिननं मनगट धरलं.

"आत बाया आहेत. पुरुषानं जायचं नाही."

"मला फक्त तिला सांगू द्या..."

"काय सांगणार?" सागिन म्हणाला. शब्द माघारी घेतला तर आत निजलेला दुसऱ्यांदा मरणार; नाही घेतला तर त्याच्या शेजारी बसलेली जिवंतपणी निपुत्रिक होणार. इशेननं हात टेकले.

फाटकातून पुढची मंडळी रडत आत आली.

"आवाज काढ, पोरा," सागिन म्हणाला. "माणसं आलीत."

इशेन काठीवर वाकला. त्यानं तोंड उघडलं, आणि कुणी शिकवलेलं, ठरवलेलं काहीच बाहेर आलं नाही.

"अपा!" तो ओरडला. "अपा!"

"वेड लागलं काय?" सागिननं त्याचा दंड दाबला. "जिवंत माणसाच्या नावानं रडू नये!"

आत त्या हाकेला ओ देऊ शकतील अशा दोघी होत्या. एकीनं त्याला जन्म दिला होता, एकीनं वाढवलं होतं. दोघींना ती ऐकू गेली. दोघींनी एकमेकींकडे बघून वाट पाहिली असावी, कारण ओ कुणीच दिली नाही.